विमलबाईंचे अकरा दिवस

विमलबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. मधली सुट्टी संपत आली होती. त्यांच्या शेजारच्या सिंधूताई बोलत होत्या. "मॅडम, म्हातारी गेली. सकाळी दारातच पडून होती. तुमचा नंबर तिनं माह्याजवळ देऊन ठेवला होता, म्हून लावला." मी येते म्हणाले, फोन ठेवला आणि वर्गात जाऊन चौथीच्या मुलांना भागाकार शिकवला. फळ्यावरचं उत्तर चुकलं, ते एका मुलीने दाखवून दिलं, तेव्हा कुठे मला कळलं की मला बोरगाव मेघेहून निघून देवळीच्या बसने जायचं आहे, आणि उशीर झाला तर मला त्यांचं तोंड दिसणार नाही.

विमलबाई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. त्यांच्या मुलाने माझ्या आईचा खून केला होता. आईचा, आणि आणखी तीन बायांचा. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तेव्हा पेपरात ते पुष्कळ छापून आलं, आणि त्या चौघींची नावं मात्र कोणाला आठवत नाहीत.

माझी आई देवळीच्या बाजारात भाजी विकायची. वांगी, मेथी, पालक, दिवस असतील तेव्हा भेंडी. विमलबाई तिच्या शेजारीच बसायच्या. मैत्री म्हणावी असं काही नव्हतं, पण एकीला चहा प्यायला जायचं असलं की दुसरी तिची टोपली बघायची. एकदा बाजारातच आईच्या डोरल्यातला एक काळा मणी फुटला. जवळ दुसरा नव्हता, म्हणून तिने समोरच्या दुकानातून एक लाल मणी आणला आणि तिथेच बसून ओवला. त्यासाठी लागणारी सुई विमलबाईंनी दिली. ही एवढीशी गोष्ट पुढे कोर्टात लिहून घेतली जाईल, असं त्या दोघींना कसं वाटावं...

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका बाजाराहून आई परत आली नाही. बस चुकली, कोणत्या तरी ऑटोत बसली, एवढंच लोकांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती एका पडीक विहिरीत सापडली. पाय घसरला असेल असं सगळ्यांना वाटलं, आम्हालाही वाटलं. गळ्यात डोरलं नव्हतं, तर बाबा म्हणाले, पाण्यात गेलं असेल. आईच्या आधी तशाच दोन बाया दोन वेगळ्या गावच्या विहिरींत सापडल्या होत्या. पण गावं वेगळी, घरं वेगळी, त्यामुळे ते धागे कोणी एकत्र बांधले नाहीत. विमलबाईंचा मुलगा ऑटो चालवायचा. बाजार उठला की बस चुकलेल्या एकट्या बाईला हाक मारायचा, मावशी, काकू म्हणून.

आईनंतर साधारण महिन्याने विमलबाई तुरीच्या कोठीत हात घालून तूर काढत होत्या, तेव्हा त्यांच्या हाताला एक गाठोडं लागलं. त्यात बायकांचे दागिने होते. त्यातल्या एका डोरल्यात लाल मणी होता. त्यांनी ते गाठोडं परत तुरीत खुपसलं आणि अकरा दिवस कोणाला काही सांगितलं नाही. मुलाला जेवायला वाढत होत्या, त्याचे कपडे धूत होत्या. नवव्या दिवशी लता नावाची बाई बाजारातून घरी पोचली नाही. तिला चार वर्षांची मुलगी होती. बाराव्या दिवशी सकाळी विमलबाईंनी ते गाठोडं टोपलीत ठेवलं, वरून वांगी रचली, आणि पायी चालत पोलिसात गेल्या.

खटला वर्ध्याच्या कोर्टात चालला. तारखांमागून तारखा पडत गेल्या. बाबांना झेपत नव्हतं, म्हणून मीच जायचे. विमलबाईंची साक्ष झाली त्या दिवशी मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसले होते. मला त्यांचा तिरस्कार करायचा होता, खोटं कशाला सांगू. आरोपीच्या वकिलांनी त्यांना घेरलं. गाठोडं सापडलं आणि तुम्ही अकरा दिवस गप्प बसलात, म्हणजे हे सगळं मागाहून रचलेलं आहे, असा त्यांचा रोख होता. विमलबाईंनी कठड्याला धरलं. मुलाकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, "हाव साहेब, अकरा दिवस. मले वाटे, माह्यं पोरगं असं नाई करनार. रोज वाटे. त्या अकरा दिवसात लता गेली. ते माह्यावर हाये. लिहून घ्या." टाइप करणारा माणूस थांबून न्यायाधीशांकडे पाहू लागला. ते हळूच म्हणाले, लिहा.

बाहेर आल्यावर लताच्या सासूने त्यांना गाठलं. "तिले तुह्या पोरानं नाई मारलं. तूच मारलं." विमलबाईंनी मान हलवली. नाही म्हणून नाही, हो म्हणून. मग त्या लिंबाच्या झाडाखाली एकट्याच बसल्या. मी तिथून जात होते, तर वर न पाहताच म्हणाल्या, "तुह्या मायले मीनंच सुई देल्ली होती." मला काहीतरी लागट बोलायचं होतं... पण दिवसभर त्या बाईला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी माझी बाटली तिथे ठेवली आणि निघाले.

शिक्षेच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. न्यायाधीश हळू आवाजात वाचत होते. विमलबाईंना कमी ऐकू यायचं. सगळे उठायला लागले, तशा त्या भांबावून इकडेतिकडे पाहू लागल्या. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्या पदराला हात लावला. "काय म्हणे साहेब?" ते त्यांना मलाच सांगावं लागलं. मी म्हटलं, "फाशी." त्या "बरं" म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "बरं." आणि मग एकदम, "सकाळपासून काई खाल्लं का तू?" पुढे वरच्या कोर्टाने फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली. तेही मीच त्यांना सांगितलं. तोवर मी त्यांच्याकडे जाऊ लागले होते. का, ते मला नवऱ्यालाही नीट सांगता आलं नाही. बाबांना तर मी ते कधी कळूच दिलं नाही.

त्यांची भाजी आता कोणी घेत नव्हतं. टोपली जशीच्या तशी परत यायची. मग त्यांनी भाजी लावणंच सोडलं, मिळेल त्या शेतात निंदणाला, तण काढायला जायच्या. मुलाला भेटायला त्या नागपूरच्या जेलात एकदाच गेल्या. जाण्याआधी मी त्यांना म्हटलं, माझी आई शेवटी काय म्हणाली, ते त्याला विचारा. परत आल्या तेव्हा बराच वेळ पायातली चप्पल काढायचं विसरून तशाच बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "काई नाई म्हणे. तिले समजलंच नाई. झोपल्यावानी गेली म्हणे." मी निकालपत्र वाचलं होतं. आईच्या दोन्ही हातांवरच्या जखमांबद्दल त्यात अर्धं पान आहे. खोटं त्याने सांगितलं की विमलबाईंनी, ते मी विचारलं नाही. जिने स्वतःविरुद्ध खरं लिहून घ्यायला लावलं, ती बाई माझ्यासाठी एवढं खोटं बोलू शकत होती, हे मात्र मला कळत होतं.

अंत्यविधीला मोजकी माणसं होती. दूरच्या पुतण्याने अग्नी दिला. नंतर सिंधूताई मला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. "हे पाहा मॅडम, तिनं काय करून ठेवलं." दारामागची भिंत कोळशाने लिहिलेल्या आकड्यांनी भरली होती. वाकडेतिकडे, मोठाले, इंग्रजी आकडे... ते मीच त्यांना शिकवले होते, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत. मला अक्षरं नको, गाडीवरचे आकडे तेवढे शिकव, असं त्यांनीच सांगितलं होतं. आईला ऑटोत बसताना लोकांनी पाहिलं होतं, पण नंबर कोणाच्या लक्षात नव्हता. त्यांना तेच लागलं होतं. दर बाजारी त्या स्टँडवर बसायच्या, एवढंच मला माहीत होतं. भिंतीचं माहीत नव्हतं. सिंधूताईंनी समजावून सांगितलं: एकेका ऑटोचा नंबर, त्यापुढे त्यात बसलेल्या बायांचे ठिपके. पुढच्या बाजाराला ती बाई पुन्हा दिसली की तिच्या ठिपक्यावर रेघ. वरपासून खालपर्यंत रेघाच रेघा होत्या. फक्त शेवटच्या दोन नंबरांपुढचे ठिपके उघडे होते, एकापुढे दोन, एकापुढे एक.

पहिला नंबर सिंधूताईंच्या ओळखीच्या ऑटोचा होता, त्यातल्या दोघी त्यांच्याच गल्लीतल्या निघाल्या, सुखरूप होत्या. तिसरी कोण, ते त्यांना माहीत नव्हतं. मी तो नंबर कागदावर उतरवून घेतला आणि पुढच्या बाजाराला रजा टाकून देवळीला गेले. स्टँडवर दुपारपर्यंत उभी होते. तो ऑटो आला. ऑटोवाला म्हातारा होता, घाबरला बिचारा, मी नंबर कशाला पडताळते म्हणून. म्हणाला, मागच्या बाजारी एकच बाई होती, ती बघा, सांबार विकून राह्यली. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. तिशीची असेल, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. मी विचारलं, इथे बसणारी एक म्हातारी तुम्हाला आठवते का?

"ते व्हय?" ती हसली. "लय डोकं खाल्लं होतं तिनं माह्यं. कुठं जातं, कोन हाये घरी... पोचशीन ना म्हणे." मग जुडी टोपलीत ठेवून तिने स्टँडकडे पाहिलं. "आज दिसली नाई. भेटली तर सांगजो तिले, पोचली होती म्हणा."

मी सांगते म्हणाले.