के. डी. आत्या

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी काडीआत्यांचं नाव सांगतो. एम.एस्सी.च्या प्रबंधात ऋणनिर्देशाच्या पानावरही ते मी घातलं होतं. प्रबंध इंग्रजीत होता. टायपिस्टने 'काडी' ही आद्याक्षरं समजून 'मिस्टर के. डी. आत्या' असं टाइप केलं आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान उघडून विचारलं, "हे के. डी. आत्या कुठल्या कॉलेजात असतात?"

मी म्हणालो, "सर, त्या विहिरीवर असतात."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

आत्या माणसाचं तोंड बघत नसत, पाय बघत. लोणी भापकरच्या पुढे एका वाडीत पायऱ्यांची जुनी विहीर होती. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या पाण्याला माझ्यामुळे एकदा कमीपणा आला तेवढा पुरे. बायका पायऱ्या उतरून, पाण्यात उभ्या राहून घागरी भरत. आत्या दिवस उगवायच्या आत सगळ्यांत वरच्या पायरीवर येऊन बसायच्या, तळहातावर मिसरी घेऊन, आणि येईल त्याला म्हणायच्या, "पाय दाव." पायावर फोड, सूज, चिंधी, काही दिसलं की त्या माणसाला पायरी बंद. त्याची घागर दुसऱ्याने भरून आणायची. पाटलांच्या सुनेलाही त्यांनी एकदा वरच उभं केलं. सून म्हणाली, "आत्या, आदी तोंडाकडं तरी बघा, कोन हाय ती."

आत्या म्हणाल्या, "तोंड धुऊन आलीयास तू. त्येच्यात काय बघू?"

हे सगळं नारूसाठी. नारू आता कोणाला आठवत नसेल. तो पिण्याच्या पाण्यातून पोटात जायचा, वर्षभर अंगात वाढायचा आणि उन्हाळ्यात पायाला फोड येऊन त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर पडायचा. हातभर लांब. ऐन पेरणीच्या तोंडावर धडधाकट माणूस महिना महिना अंथरुणाला खिळायचा. आत्या तो काढत. तुरीच्या काडीला त्याचं टोक गुंडाळायचं आणि रोज काडीला एखादा वेढा द्यायचा, की नारू बोटभर बाहेर. त्यावरून त्या काडीआत्या. घराघरांत दुसऱ्या प्रकारच्या काड्या घालणाऱ्या बायका वाडीत होत्याच, पण त्या नावाचा मान आत्यांना होता. काडी फिरवताना त्या रोग्याशी बोलत नसत, नारूशी बोलत. "ये बाबा. वरीस झालं तुला आंधारात. वाईच हवा बघ." आणि रोग्याच्या घरच्यांना एकच ताकीद, "यील तेवडाच घ्याचा. वडायचा न्हाय. तुटला म्हंजी पाय गेला."

मी इंदापूर तालुक्यातल्या कळसचा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. वडील मला पुण्याला पोचवायला आले तेव्हा कॉलेजच्या दारात त्यांनी पायताणं काढून ठेवली आणि त्यांचं बघून मीही काढली. असा मी पुढे चार वर्षांनी एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेऊन संशोधन करू लागलो. ते दिवसच तसे होते. विद्यापीठ नवं, स्वराज्य नवं, आणि वसतिगृहातल्या प्रत्येक पोराला काहीतरी शोधून देशाच्या हातात ठेवायचं होतं. माझ्या खोलीतला सावंत इंजिनिअरिंगचा. काँक्रीटचे ठोकळे करून ते किती वजनाला फुटतात ते बघायचा. शेजारच्या खोलीतला समाजशास्त्रवाला खेड्यात जाऊन लोकांना "तुम्ही सुखी आहात का?" असं विचारायचा आणि उत्तरं टक्क्यांत मांडायचा. पलीकडे एक वैद्यकीचा होता, तो सगळ्यांचं रक्त मागायचा. मी नारू घेतला. पुढे तो शब्दशः घेतला, ते सांगतोच.

माझं काम असं: बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या अकरा विहिरींचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि नारूची पिल्लं ज्याच्या पोटात वाढतात तो बारीक पाणकिडा त्यात किती आहे ते मोजायचं. खांद्याला झोळी, झोळीत पेंढ्यात गुंडाळलेल्या बाटल्या, आणि दिवस दारूबंदीचे. आत्यांच्या वाडीत पहिल्यांदा गेलो तेव्हा पोलीस पाटलांनी मला चावडीवर बसवलं आणि एकेका बाटलीचं बूच काढून वास घेतला. बारावी बाटली हुंगून झाल्यावर ते जरा निराश होऊन म्हणाले, "निस्तं पानीच हाय की. पुन्याला काय पानी न्हाय व्हय?"

मी पुण्यात कमावलेल्या भाषेत म्हणालो, "यातील सूक्ष्म जीवांची गणना करावयाची आहे."

बघायला जमलेल्या लोकांतून एक म्हातारी पुढे आली. तिने माझे पाय पाहिले आणि विचारलं, "कुठला रं तू?"

"कळसचा."

"मग नीट बोल की. कळसला आसं बोलत्यात व्हय?"

ही आमची पहिली भेट.

अकरापैकी सात विहिरी पायऱ्यांच्या होत्या. सहांच्या काठची गावं नारूने बेजार होती. सातवी आत्यांची. पाणकिडे तिथेही तितकेच, पण त्या पाण्याचा नारू वाडीत कोणालाच नाही. असायचा तो माहेराहून आणलेला, नाहीतर पाहुण्याबरोबर आलेला. माझ्या तक्त्यात त्या विहिरीपुढे शून्य होतं, आणि ते शून्य हाच माझा शोध, अशी माझी खात्री झाली. पाण्यात काहीतरी असणार म्हणून मी चार महिने त्यात चुना शोधला. मग क्षार शोधले. विहिरीच्या दगडाचा तुकडा सावंतला फोडायला दिला. एवढं करून एक दिवस, दुसरं काही सुचेना म्हणून, पायरीवर बसलेल्या आत्यांना विचारलं, "आत्या, या पाण्यात आहे तरी काय?"

"पान्यात काय न्हाय," आत्या म्हणाल्या. "पान्यात काय जाऊ देत न्हाय म्या."

मग त्यांनी सांगितलं. नवऱ्याच्या पायांना एका साली सात नारू झाले होते. आग होते म्हणून त्याने पाय घागरीत बुडवला, तर पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. "तवा बघितलं. त्यो पान्याचीच वाट बघत आसतो. पाय बुडला की पिल्लं सोडतो. मग मीच हितं येऊन बसले."

हे माझ्या पुस्तकात होतं. मी वहीत उतरवून त्याच्याखाली तांबड्या शाईने रेघही मारली होती. पण पुस्तकातलं वाक्य मिसरी लावत पायरीवर बसलेलं असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी शेवटच्या नमुन्यांसाठी आलो. संशोधकाला शोभावेत म्हणून पुण्यात बूट घेतले होते आणि डाव्या घोट्याला फोड आला होता. आत्या म्हणाल्या, "पाय दाव."

"बूट चावलाय, आत्या."

"बुटानं चावलंय का आनिक कशानं, बघू दे की."

आजूबाजूला बायका होत्या. मला हसू आलं. मी म्हणालो, "आत्या, मी यावरच एम.एस्सी. करतोय."

आत्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, "जाऊ दे त्येला. शिकलेला हाय, म्हाईत आसंल." माझ्या माहितीत त्यांनी न बघता सोडलेला तेवढा एकच पाय.

मी बूट काढून तीन पायऱ्या पाण्यात उतरलो. घोट्याची आग होत होती ती एकदम थांबली. फार बरं वाटलं. बाटल्या भरून झाल्यावरही मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. नारूच्या फोडाला पाण्यात बरं का वाटतं, हे माझ्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात होतं.

पुण्याला आल्यावर, विहिरीत उतरल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी, सावंत म्हणाला, "अरे, तुझ्या लेंग्याचा दोरा लोंबतोय."

दोरा लेंग्याचा नव्हता. मी वही काढून मागचा उन्हाळा पाहिला. नारूने बेजार असलेल्या एका गावच्या विहिरीवर एका दुपारी बाटल्या कमी पडल्या म्हणून मी पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा तांब्या ओतून त्यात नमुना घेतला होता, आणि तहान लागल्यावर त्याच विहिरीत ओंजळ घातली होती. नोंद सुवाच्य अक्षरात होती. यानंतर तरी शहाणपण यावं; पण प्रयोगशाळेच्या बरणीत ठेवायला अख्खा नमुना मिळेल या मोहाने मी तो ओढला. तो तुटला. दुपारपर्यंत पाय खांबासारखा सुजला आणि अंगात ताप भरला.

आता अवघड भाग. नारूची पिल्लं पाणकिड्याच्या पोटात तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यानंतर ते पाणी न गाळता जो पिईल त्याला वर्षाने नारू. चार दिवस गेले होते, टपालाला आणखी तीन-चार जाणार. मला उभं राहता येत नव्हतं. पत्र त्याच दिवशी जायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या तापातही मला वाडीआधी माझं शून्य आठवलं.

मी पत्र लिहिलं. "आपल्या विहिरीत नारू झालेला एक इसम उतरल्याचे समजते. तरी सर्वांनी पाणी गाळून प्यावे." सावंतला टपालात टाकायला दिलं. त्याने वाचलं.

"हा इसम कोण?"

"मी."

"मग तसं लिही."

"अर्थ तोच होतो. पाणी गाळल्याशी कारण."

"तुझ्यापुरता तोच होतो," सावंत म्हणाला. "तिथले लोक इसम शोधणार नाहीत? ठोकळा फुटला की मी कागदावर 'फुटला' लिहितो. 'फुटल्याचे समजते' असं नाही लिहीत."

लोक कुठे शोधतील ते मला माहीत होतं. दर उन्हाळ्यात वाडीबाहेर धनगरांचं एक पाल पडे. वाडीत कोंबडी हरवो की वासरू आजारी पडो, बोट त्या पालाकडे. माझा इसम माझ्या पत्रातून उठून त्यांच्या दारात जाऊन बसला असता. मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

पत्र वेळेत पोचलं. शाळेच्या गुरुजींनी ते विहिरीवर वाचलं. त्यांचं मला कार्ड आलं, की आत्यांनी पत्र दोनदा वाचायला लावलं, घरी जाऊन दोन जुनी लुगडी आणली, पायरीवर बसूनच फाडली आणि घरटी एकेक फडकं दिलं. माझ्यासाठी निरोप होता: "ऱ्हायलेला वडू नगं म्हनावं." दुसऱ्या वर्षी वाडीत दोघांना नारू झाला. दोघेही मधे कामाला परगावी जाऊन आलेले. तिथलं पाणी की इथलं, ते कधी कळलं नाही. तक्त्यात शून्याच्या जागी मी दोन लिहिले आणि खाली टीप दिली. त्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे वाडीत राहिलो. आत्यांनी त्या दोघांच्या काड्या माझ्या हातात दिल्या आणि स्वतः शेजारी बसून राहिल्या. एकदाही मला पुढचा वेढा घाईने देऊ दिला नाही. आजही प्रयोगशाळेत माझे विद्यार्थी घाई करू लागले की माझी बोटं आपोआप हवेत काडी फिरवू लागतात. ते मला विक्षिप्त समजतात.

एक गोष्ट मात्र आत्यांनी मला विचारून केली नाही. दर चैत्रात, ऊन तापू लागलं की त्या गुरुजींना विहिरीवर बोलावून माझं पत्र पुन्हा वाचायला लावत. "आइका. शिकलेला बी चुकतो, तुमी तर पायच दावा." त्यामुळे मी जन्मात एकच लिखाण केलं जे दरवर्षी जाहीर वाचलं जाई. वाडीतल्या पोरांना माझं नाव, गाव, तालुका पाठ होता. मी एस.टी.तून उतरलो की ती आधी माझ्या घोट्याकडे बघत.

आत्या गेल्याचं गुरुजींच्याच कार्डाने कळलं. त्यांनी लिहिलं होतं, की मूळ कागद घड्यांवर फाटला, म्हणून चौथीच्या मुलांकडून पत्राची नक्कल करून घेतली आहे. वाचन चालू आहे. मी एक नक्कल मागवून घेतली. ती अशी:

"तीर्थस्वरूप आत्या यांस,

मारुतीचा शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र गुरुजींनी विहिरीवर, सगळी वाडी असताना वाचावे.

मागच्या सोमवारी मी आपल्या विहिरीत तीन पायऱ्या पाण्यात उतरलो. माझ्या पायाचा फोड बुटाचा नव्हता, नारूचा होता. आज नारू बाहेर आला. म्हणजे आपल्या पाण्यात नारू मी सोडला आहे, दुसऱ्या कोणी नाही. पालावरचे कोणी त्या दिवशी विहिरीकडे आले नव्हते. मी तिथे होतो, मला माहीत आहे.

तुम्ही पाय बघायला मागितला होता. मी दाखवला नाही. मला शिकल्याचा ताठा होता.

पत्र पोचेल त्या वेळेपासून पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे. लहान मुलांचे आधी. शेतावर न्यायचे पाणीही गाळावे. फडके विहिरीत खळबळू नये, उन्हात वाळवावे. हे किती दिवस करावे लागेल ते मला आज सांगता येत नाही. मला नक्की माहीत नाही. नमुना तपासून कळवीन तोवर थांबवू नये.

मी नारू ओढला आणि तो तुटला, म्हणून येता येत नाही. चालता आले की येईन. तेव्हा वाडीने काय बोलायचे ते बोलावे.

वाचताना लोकांना वाईट वाटेल तेवढे गुरुजी गाळतात, असे तुम्ही एकदा म्हणाला होता. त्यांना माझी विनंती आहे. पाणी तेवढे गाळावे. पत्रातले काही गाळू नये. खालचे नाव वडिलांच्या नावासकट मोठ्याने वाचावे.

मारुती धोंडिबा खारतोडे,
मु. कळस, ता. इंदापूर."