दहा सामन्यांची सरासरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कुणास ठाऊक.

मी बेंगळुरूतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाचा आकडेवाला. चिकपेटात आमचं आजोबांपासूनचं साड्यांचं दुकान. मी मात्र गोलांच्या मागे लागलो. काम एवढंच — संघ चढतोय की घसरतोय, ते दर सामन्यानंतर आलेखावर दाखवायचं. मागच्या पाच सामन्यांची सरासरी काढायची, रेघ पुढे न्यायची. नेहमी पाचच.

त्या मोसमात बचावफळी पुढे सरकवून खेळा, हा सल्ला माझा. आकडे तसंच म्हणत होते — निदान मला तसं वाटलं. संघाने ऐकलं, आणि आमच्यावर गोल व्हायला लागले. दोनतीन आठवड्यांनी मुरुगेश दुखापतीतून परतला. आमचा जुना बचावपटू, ऑस्टिन टाउनच्या गल्लीत वाढलेला. माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून चिडवायचा, "अण्णा, या रेघेत माझा गुडघा कुठंय?"

मग मालकांनी विचारलं — घसरण कधीपासून?

पाचाची रेघ सरळ सांगत होती: माझ्या सल्ल्यापासून. पण — कसं लिहू हे? — दहा सामन्यांची सरासरी सुस्त असते. आधीचे चांगले सामने तिला धरून ठेवतात, पडझड उशिरा दिसते. मी दहाची काढून पाहिली. मुरुगेश परतला, बरोब्बर तिथेच ती वाकत होती.

बैठकीत तीच दाखवली. एकही आकडा खोटा नव्हता. मुरुगेशचं नावसुद्धा मी घेतलं नाही — घ्यायची गरज तरी होती का? मोसम संपताच त्याला सोडून दिलं. त्या वयात दुसऱ्या संघात कोण घेणार?

परवा रविवारी तो दुकानात आला, बायकोसाठी साडी घ्यायला. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागलाय. सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर मीच बसतो. म्हणाला, "अण्णा, तुमच्या रेघेला आधी कळलं. मला वाटायचं, गुडघा ठीक आहे. स्वल्प हळू झालो होतो मी, नाही का?"

त्याच्या धावण्याचे आकडेही तेव्हा माझ्याकडेच होते. तो हळू झाला नव्हता. 'नाही' — एवढंच म्हणायचं होतं.

मी साडीची घडी उलगडली आणि त्याला पदर दाखवायला लागलो.