दादाची धुतलेली घोंगडी

या मासिकात छापून येणारे असले अनुभव मी आजवर वाचत नव्हतो. पाने उलटून पुढे जात होतो. भूत, भानामती, अंगात येणे — यातले काही मी कधी मानले नाही, आणि आता मानू लागलो आहे असेही नाही. बीडच्या सरकारी शाळेत मी मराठी आणि गणित शिकवतो. उत्तर आले की ते कसे आले हे दाखवा, असे मुलांना रोज सांगतो. या गोष्टीत मला ते दाखवता येत नाही. चार महिने झाले... प्रयत्न करून पाहिला. हळूहळू लिहितो आहे, कारण यात माझा थोरला भाऊ आहे आणि तो आता नाही.

आमची वस्ती पालीच्या वरच्या माळावर, बीडपासून तीन कोसांवर. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरे. वडील लवकर गेले. दादाने मेंढरे सांभाळली आणि मला शाळेत घातले. मी शहरात कोट-टोपीचा झालो, दादाच्या अंगावर बारा महिने तीच काळी घोंगडी राहिली. थंडीत लपेटून, पावसात डोक्यावरून खोळ करून. माळावर मेंढी व्याली तर नवे कोकरूही तो तिच्यातच गुंडाळून आणी.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी घरी गेलो, तेव्हा स्वच्छतेवरचे एक पुस्तक नुकतेच वाचले होते. दादाची घोंगडी हाताला पुठ्ठ्यासारखी ताठ लागली, वासही येत होता. हा सगळा मळ, असे मी ठरवले. दादा मेंढरांमागे मी आणलेली नवी चादर पांघरून गेला होता, तेवढ्यात कढत पाणी आणि सोडा घेऊन मी ती धुवायला बसलो. वहिनी विहिरीचे पाणी आणून देत होत्या.

"भाऊजी, घोंगडी धूत न्हाईत. उनात झटकत्यात नुसती."

"कावून?" मी मुद्दाम त्यांच्यासारखे विचारले.

"त्ये मला न्हाई ठाव. धूत न्हाईत, एवढंच."

मी हसलो. पहिले पाणी तांबूस, चिकट निघाले. तिसरे स्वच्छ निघाले. वाळल्यावर घोंगडी शालीसारखी मऊ झाली. संध्याकाळी दादाने ती गालाला लावून पाहिली. "लई मऊ केली की बे, मास्तर! आता लग्नाला बी नेता येईल." एवढेच म्हणाला. त्याला ठाऊक होते की नव्हते, हे आता विचारता येत नाही.

माघात गारांचा पाऊस आला. त्या दिवसांत कोणी पावसाची वाट पाहत नाही. दादा माळावर होता, आडोशाला झाडसुद्धा नाही. तीन तास पावसात मेंढरे गोळा करून आणली आणि दारात बसला तो उठला नाही. छातीत कफ भरला. निरोप मिळून मी पोहोचलो तेव्हा तो मला ओळखत होता, पण बोलत नव्हता. पाचव्या दिवशी गेला.

आमच्यात तेराव्याला मेलेल्या माणसाची घोंगडी पाठच्या भावाच्या खांद्यावर घालतात. आणि जमले तर ज्याने ती विणली त्याच्याच हातून. पालीचे म्हातारे सणगर, म्हणजे घोंगड्या विणणारे, त्यासाठी मुद्दाम वर चढून आले होते. त्यांनी घोंगडी हातात घेतली, बोटांत चुरगाळली आणि थांबले.

"ही माझी न्हाई," म्हणाले. मग काठ पाहिला. "माझीच हाय. खळ कुनी काढली हिची?"

मी विचारले, खळ म्हणजे काय. अख्खी भावकी माझ्याकडे पाहू लागली. मेंढरांच्या घरात जन्मून मला ते माहीत नव्हते. चिंचोके भाजून, दळून, शिजवून त्याची खळ करतात आणि कुंच्याने लोकरीत जिरवतात. तिनेच घोंगडी ताठ राहते, तिच्यावरूनच पाणी ओघळून जाते. म्हाताऱ्यांनी घोंगडी दोघांना ताणून धरायला लावली आणि वरून तांब्या ओतला. पाणी क्षणात खालून गळू लागले.

"बघा," ते म्हणाले. "गाळणं झालंय."

मग दाराआडून वहिनींचा आवाज आला. "म्या धुतली."

आमचे चुलते, तात्या, उभेच राहिले. "नवऱ्याच्या अंगावरचं छप्पर काढलंस की गं तू! हिला कळत न्हाई काय धुवावं अन् काय न्हाई, आन् ही मेंढरं राखनार? शुक्कीरवारी समदी माझ्या वाडग्यात यायला पायजेत."

मेंढरे गेली असती तर वहिनींपाशी काही उरले नसते. पोरबाळ नाही, जमीन नाही. मला एकच वाक्य बोलायचे होते. ते मी बोललो नाही. सणगरांनी ओली घोंगडी पिळून माझ्या खांद्यावर घातली आणि मी मान खाली घालून बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बीडला निघालो. घोंगडी रात्रभर चुलीपाशी वाळली होती. उतार संपून बिंदुसरा नदीच्या काठाचा रस्ता लागला आणि पाऊस सुरू झाला. पुन्हा तसाच, गार. आता भिजणार, म्हणून मी खोळ ओढून घेतली. खरे सांगायचे तर भिजायला मिळणार याचे मला जरा बरेही वाटले. चाकोऱ्या भरून वाहू लागल्या. अंगावर पोते घेतलेला एक गाडीवान चिंब होऊन जवळून गेला. त्याने गाडी हळू करून मला खालीवर न्याहाळले.

"मास्तर, तुमाला पाऊस लागंना का?"

तेव्हा मी हात आत घालून पाहिला. गुडघ्याखाली धोतर ओले, जोड्यांत चिखल. वर सगळे कोरडे. कोटाच्या खिशातले पुस्तक कोरडे. घोंगडीवरून पाणी असे घरंगळत होते, जसे अळूच्या पानावरून.

शाळेत उर्दू शिकवणारे मौलवीसाहेब माझे स्नेही आहेत. त्यांच्यापासून मी काही लपवत नाही. दुपारी मुले घरी गेल्यावर ओसरीत त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, ग़म में आदमी को ऐसा लगता है." मग आम्ही रीतसर प्रयोग केला. घोंगडी कठड्यावर टाकून लोटा ओतला, तर पाणी खालून गळाले. मौलवीसाहेबांनी ती स्वतः पांघरली. मी लोटा ओतला, आणि ते ओरडले. शेरवानीची बाही मनगटापर्यंत भिजली होती. मग तीच ओली घोंगडी मी पांघरली. त्यांनी खांद्यावर लोटा उपडा केला. पाणी जमिनीवर. आत काहीही नाही... उलट ओली बाजू अंगाशी असूनही माझा सदरा कोरडा.

"हम इन बातों को मानते नहीं," मौलवीसाहेब कुजबुजले. मग दाढी कुरवाळत म्हणाले, "मगर एक लोटा और डालूँ?"

आम्ही पाच लोटे ओतले. पाण्याची धार बदलली, जागा बदलली, मी पाठ फिरवून उभा राहिलो. प्रत्येक वेळी तेच. शेवटी ते ओली बाही पिळत बाकावर बसले. "उधर तुम्हारी भाभी की भेड़ें ले जाने वाले हैं लोग, उसका क्या? और तुम इधर मेरे कू भिगा रहे?"

आमच्याकडे सरकारी शाळांना शुक्रवारचीच सुटी. पहाटे निघून मी वस्तीवर पोहोचलो, तेव्हा तात्या वाडग्याच्या दाराचे झाप काढत होते आणि वहिनी भिंतीला टेकून पाहत होत्या. मी धापा टाकतच बोललो. घोंगडी मी धुतली. वहिनींनी नको म्हटले होते. मी ऐकले नाही.

तात्यांनी झाप पुन्हा लावले, पण सावकाश. "मंग तवा तोंड शिवलं हुतं व्हय रं तुझं?"

"हो," मी म्हणालो. याशिवाय खरे उत्तर नव्हते.

ते जाताना थुंकले, पण मेंढरे तशीच ठेवून गेले. वहिनी आत गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी विचारले, त्या तसे का म्हणाल्या.

"तुमी शिकलेले. गाव तुमच्याकडं कागद वाचून घ्याया येतं. तुमाला येडं म्हनलं असतं, तर ह्यांनी तुमाला शिकिवलं ते समदंच पान्यात गेलं असतं." मग म्हणाल्या, "आन् पानी तर म्याच वढून दिलं हुतं की."

मी त्यांना रस्त्याचे आणि मौलवीसाहेबांचे सांगितले. त्यांनी मान हलवली, विश्वास ठेवला की नाही कळेना. मी घोंगडी पांघरून अंगणात उभा राहिलो. "ओता," म्हणालो.

त्यांनी तांब्या माझ्या डोक्यावर धरला आणि ओतला.

पाणी सरळ आत आले. मानेवर, पाठीवर, कंबरेपर्यंत. दुसरा तांब्या, तिसरा. लोकर पाणी पीत गेली आणि खांदे खाली ओढू लागली. मी उभा राहू शकेना, ओसरीच्या पायरीवर बसलो. इतके ओझे अंगावर घेऊन तो तीन तास माळावर मेंढरांमागे धावला होता, हे मला तोवर कळलेच नव्हते.

"भिजले की वो भाऊजी!" वहिनी हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग तांब्या खाली ठेवून पदर तोंडाला लावून बसल्या.

त्यानंतर मी पुष्कळ वेळा करून पाहिले आहे. थंड पाण्याने, कोमट पाण्याने, पावसात, ओसरीवर. दर वेळी भिजतो. घोंगडी तीच, माणूस तोच. मौलवीसाहेबांनी शेरवानीच्या बाहीवर राहिलेला पाण्याचा डाग मला दाखवून ठेवला आहे, म्हणजे निदान तो दिवस खरा. तेराव्यापासून त्या शुक्रवारपर्यंत मला कोरडे कोणी ठेवले, आणि मग कोणी सोडून दिले... मला सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर जरूर लिहावे.