दादाच्या ग्लासातला चहा

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं नुसते वाचते. कधी कॉमेंट केली नाही, आणि खरं सांगायचं तर एकाही अनुभवावर विश्वास ठेवला नाही. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी लिहायची सवय कमी... सांभाळून घ्या.

आम्ही नळदुर्गला राहतो. पप्पा गेल्यावर घरात तिघंच — आई, दादा आणि मी. दादा हैदराबादला नोकरीला. मागच्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर येत होता. दुपारी फोन आला, "मॅडम, उतरलो हायवेला. ढाब्यावर चहा पितो अन् येतो. भजी तळायला घ्या!" इंग्लिश मीडियमवरून तो मला मॅडमच म्हणायचा.

भजी झाली. दादा आला नाही. फोन बंद लागला, तो आजपर्यंत बंदच आहे.

ढाब्यावर कुणालाच तो आठवत नव्हता. सीसीटीव्हीतही नव्हता. पोलीस चौकीतले जमादार म्हणाले, "फोन काय, कुठूनबी करता येतो. पोरगं नळदुर्गला उतरलंच न्हाय." झालं, इथला तपास थांबला. आम्हाला एवढंच दाखवायचं होतं की तो इथपर्यंत आला होता.

ढाबेवाल्या काकांकडून त्या दुपारचं रेकॉर्डिंग मी पेनड्राइव्हवर आणलं. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर रोज बघायचे. बाहेर थांबलेल्या गाड्यांचे नंबर मिळावेत म्हणून स्क्रीनशॉट घेत होते. टूल अगदी साधं — बटणं दाबली की चित्र गोठतं, स्क्रीन मंद होते, मग माऊसनं हवा तेवढा चौकोन ओढायचा. माऊस सोडला की तेवढाच भाग सेव्ह.

एक दिवस स्क्रीन मंद झाली... आणि गल्ल्याजवळच्या टेबलावर दादा बसलेला होता. निळा चेक्सचा शर्ट, पायाशी सॅक, हातात काचेचा ग्लास, काठोकाठ चहा. क्षणभरापूर्वी ती खुर्ची रिकामी होती. दचकून माझ्या हातून माऊस सुटला. सेव्ह झालेल्या चित्रात खुर्ची रिकामीच.

व्हिडिओ त्याच जागी नुसता थांबवला, तर कुणी नाही. टूल सुरू केलं — दादा. एका हातानं माऊस धरून मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढला. फोटोत रिकामी खुर्ची.

आईला बोलावलं. काहीच सांगितलं नाही, नुसतं टूल सुरू केलं. तिनं स्क्रीनच्या काचेवर हात ठेवला. "लई वाळलाय गं," म्हणाली. मग माझं मनगट घट्ट धरून, "सोडू नको. माऊस सोडू नको."

आईच्या विनवण्यांनी जमादार घरी आले. बराच वेळ बघत राहिले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "दिसतंय मला. पण ताई, कागदावर काय लिहू? वर पाठवायला फोटो लागतो. फोटोत तर नुसती खुर्ची येतीया." आता ते आमचा फोन उचलत नाहीत.

जमादार आले त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. ग्लास अर्धा झाला होता. आम्ही जितक्या वेळा बघतो, तितका चहा कमी होतो. मध्ये मुद्दाम बरेच दिवस बघितलं नाही, तर तेवढाच राहिला.

आई म्हणते, "संपू दे की! चहा पिऊन येतो म्हणला व्हता न्हवं? संपला की येईल." मला काय वाटतं ते मी तिला सांगू शकत नाही. चहा संपला की तो उठेल, आणि मग तिथंही रिकामी खुर्चीच उरेल.

ग्राफिक्स कार्डचा दोष, मनाचे खेळ... सगळं शोधून वाचलं. मग तिघांना एकच गोष्ट कशी दिसते, आणि चहा कसा कमी होतो? मला अजून कळलेलं नाही.

आता एकच घोट उरलाय. माऊस मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय, हे मोबाईलवरून लिहितेय. स्वयंपाकघरातून तेल तापल्याचा वास येतोय. आईनं आज बेसन भिजवलंय.

मघाशी दारात येऊन म्हणाली, "किल्ली दे गं. एकदाच बघू. तवर भजी होत्याल."