खाडीत वाळू टाकायचं काम

मी खाडीत वाळू टाकायच्या नोकरीला होतो असं सांगितलं, की माणूस आधी हसतो आणि मग खुर्ची जवळ ओढतो. म्हणून माझ्याकडे इतके किस्से साचलेत. वाळू किती साचली, ते विचारू नका!

तर संप होऊन गेला, गिरण्या बंद पडल्या आणि आम्ही घोडपदेवची माणसं मिळेल ते काम धरायला लागलो. रे रोडच्या मागे खाडीचा किनारा लाटांनी झिजत चालला होता. ओहोटीला तिथल्या चिखलात चरायला फ्लेमिंगो यायचे, ते कमी झाले. मग एका संस्थेने ठरवलं, वाळू टाकून किनारा उचलायचा. संस्थेचे पेंडसेसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "हिवाळ्यात पाखरं बसली नाहीत, तर काम बंद!" आम्ही एकदा बेकार झालेली माणसं. तेव्हापासून आम्ही देवापेक्षा पाखरांची जास्त आठवण काढू लागलो.

*

आमचा मुकादम तात्या सावंत. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारा होता. नवी नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन घरी गेला.

वहिनींनी विचारलं, "काम काय?"

"समुद्रात वाळू टाकूची."

वहिनींनी पेढा खाली ठेवला. "गिरण बंद झाली तेव्हा डोक्यार परिणाम झालो नाय, तो आता झालो!"

*

तात्याच्या अंगात गिरणी मुरलेली. त्याने आल्या आल्या आमच्या पाळ्या लावल्या. पहिली पाळी सकाळी सात म्हणजे सात! चार दिवस झकास गेले. मग ओहोटी रोज थोडी थोडी उशिरा सरकत गेली आणि एका सकाळी सातला आम्ही फावडी घेऊन हजर, तर समोर कमरेइतकं पाणी. तात्या घड्याळ बघत उभा, जणू दर्याचा खाडा मांडणार!

वाळूची होडी हाकणारा धाकू नाखवा पोट धरून हसला. "तात्या, दर्याला भोंगा ऐकू येत नाय रे!"

पाणी उतरेपर्यंत आम्ही होडीत बसून डबे खाल्ले. पाळी मात्र तात्याने सातचीच ठेवली.

*

गणपतीत तर कहर झाला. घरचे गणपती विसर्जनाला आमच्याच किनाऱ्यावर आले. विसर्जन झालं की रिकाम्या पाटावर तिथली मूठभर वाळू घरी न्यायची, ही आपली रीत. इतकी स्वच्छ वाळू खाडीला कुणी कधी पाहिली नव्हती. लोकांनी मूठ कसली, ओंजळी भरभरून नेली!

साहेब धावत आले. "अहो, आपण टाकतोय आणि हे नेतायत! थांबवा त्यांना!"

तात्या म्हणाला, "साहेब, घरात भरभराट रवता म्हणून नेतत. सध्या आमच्याकडे तीच कमी आसा."

साहेबांनी खाली पाहिलं. तात्याच्या हातातल्या पाटावरही वाळूचा ढीग होता.

*

हिवाळा आला, पाखरं काही येईनात. साहेबांनी आयडिया काढली: लाकडी फ्लेमिंगो उभे करायचे, म्हणजे ते बघून खरे उतरतील. रंगवायचं काम लालबागच्या एका मूर्तिकाराकडे दिलं. त्याने डोळे असे रेखले, की बघत राहावं! प्रेमळ, पाणीदार, भक्ताकडे बघणारे. दुसऱ्या दिवशी एका फ्लेमिंगोसमोर जास्वंदीचं फूल आणि हळदकुंकू.

साहेब वैतागले. "अहो, पक्ष्याचे डोळे काढायचे होते!"

मूर्तिकार शांतपणे म्हणाला, "पक्ष्याचे डोळे कुठे आशीर्वाद देतात?"

त्या लाकडी पाखरांवर महिनाभर फक्त कावळे बसले. आमची झोप उडाली होती.

*

आणि एका सकाळी आली! सगळा किनारा गुलाबी. आमच्या वाळूवर आरामात एका पायावर उभी. तात्याने टोपीने डोळे पुसले. काम वाचलं होतं!

दुसऱ्या दिवशी गेलो, तर वाटेवर नवंकोरं गेट आणि त्याला टाळं. साहेब आमच्यासाठीच थांबले होते. भलतेच खूश.

"अभिनंदन मंडळी! पाखरं बसली. आता इथे माणसाचं पाऊल नको. तुमचं काम संपलं."

साहेबांनी तात्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा ना तात्या. त्यांची हातची गेलेली जागा त्यांना परत मिळाली. केवढी मोठी गोष्ट आहे!"

तात्याने गेटच्या गजांतून पाखरांकडे पाहिलं. मग त्याने अगदी मनापासून विचारलं, "साहेब, ह्यांची युनियन खंयची?"