गयाबाई आणि पहिला घास

पातेल्यावरचं झाकण काढायच्या आधी गयाबाई डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. अधिकारी आले तरी त्यांचा हात पदराकडे जात नसे; तो मान फक्त खिचडीचा. पूर्णा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत त्या दुपारची खिचडी शिजवायच्या. मुलांना वाढण्याआधी ती चाखून वहीत शेरा लिहिण्याचं काम माझं. उशीर झाला म्हणून मी कुरकुरलो की त्या म्हणायच्या, "घाई केली की डाळ रुसती, गुरुजी."

बारा वर्षं मी परीक्षकाच्या थाटात चाखलं. घास तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "गयाबाई, मीठ जरा कमी." त्या "व्हय" म्हणून आत जायच्या, पुन्हा बशी आणायच्या. "आता जमलं," असं मी म्हणायचो आणि पंगत बसायची.

निवृत्त झालो आणि माझी जीभ बेकार झाली. पहिल्या दिवशी घरी वरणाला शेरा दिला, दुसऱ्या दिवशी भेंडीला. तिसऱ्या दिवशी बायकोने पळी माझ्या हातात दिली आणि ती शेजारी गप्पा मारायला गेली. मी केलेलं पिठलं आम्ही दोघांनी न बोलता खाल्लं. चौथ्या दिवशी, कागदपत्रांचं बघून येतो असं खोटंच सांगून, मी नेमका खिचडीच्या वेळेला शाळेत पोचलो.

"घरी करमंना व्हय?" एवढंच विचारून गयाबाईंनी बशी पुढे केली. वही घेऊन उभ्या असलेल्या नव्या मॅडम मला बघून मागे सरल्या. मी डोळे मिटले. "मीठ जरा कमी."

गयाबाई जागच्या हलल्या नाहीत. "राग येऊ देऊ नका, गुरुजी. तुमी असं म्हणलं की मी आत जाऊन नुसती पळी फिरवायची. चिमूटभर बी टाकलं न्हाई कधी. टाकलं असतं तर लेकरांनी खाल्लं नसतं."

मॅडम वहीत तोंड लपवून हसायला लागल्या. माझा चेहरा पडला. "मग रोज मला चाखायला का देत होता?"

"चवीसाठी कुठं? एवढी लेकरं जेवणार. पातेल्यात काही पडलं असंल तर, म्हणून लय भ्याव वाटायचं. तुमी पहिला घास खाऊन वऱ्हांड्यात येरझारा घालायलाव, हे बघितलं की मंग माझा हात वाढायला उठायचा. तुमाला काही झालं न्हाई म्हंजे लेकराला होत न्हाई."

मला स्वतःचं हसू आलं आणि खरं सांगतो, डोळेही भरून आले. बारा वर्षं मी जिभेच्या जोरावर मिरवलो. शाळेच्या उपयोगी पडलं ते पोट.

गयाबाईंनी दुसरी बशी भरून मॅडमच्या हातात दिली. "म्याडम, आता तुमी." मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी घास घेतला, आणि गयाबाई आणि मी, दोघंही श्वास रोखून त्यांच्याकडे बघत राहिलो.