मे महिन्यातला हीटर

तापलेल्या धुळीचा तो कोरडा, घशात अडकणारा वास आजही मला बेचैन करतो. आमची जुनी मोटार दिल्लीहून हीटरसकट आली होती आणि जळगावात हीटर म्हणजे चेष्टेचाच विषय. "वहिनी, यात पापड भाजा," असे शेजारी म्हणत.

नव्वदच्या दशकातल्या त्या मे महिन्यात धुळ्याच्या कॉलेजात माझी मुलाखत होती. एकटी नको म्हणून सासरे सोबत आले, तेही अटीवर: गाडी वाटेत बंद पडली, तर नोकरीचा विषयही तिथेच संपला. गाडी मीच चालवत होते. पारोळ्याच्या पुढे इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. मी एसी बंद केला, तरी काटा थांबेना. तेव्हा मेकॅनिकचे सांगणे आठवले. इंजिनाचेच उकळते पाणी हीटरच्या जाळीत खेळते आणि पंखा त्याची आच आत लोटतो. तेवढाच इंजिनाचा ताप उतरतो. काचा खाली करून मी हीटर पूर्ण चालू केला.

"डोकं फिरनं का तुनं, पोरी? मे महिनामा हीटर?"

"आबा, इंजिनाची आग आपण अंगावर घेतोय. नाहीतर ते बंद पडेल."

पायांवर भट्टी उघडली. बांगड्या मनगटाला चटके देऊ लागल्या. काटा कणाकणाने मागे आला. पण आबांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"परत फिरायचं का?" मी विचारले.

उपरण्याने मान पुसत त्यांनी काट्याकडे पाहिले, मग समोरच्या रस्त्याकडे.

"हाक."